कवटी नसलेली चित्रे

लायडनच्या डेव्हिड बेलीने १६५१ साली स्वतःचे चित्र काढले, तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. चित्रात बसलाय मात्र एक तरुण, आणि त्याच्या हातात म्हाताऱ्या बेलीची तसबीर. समोर कवटी, विझलेली मेणबत्ती, हवेत साबणाचे फुगे. त्याच्याही आधी कॅरव्हॅजिओने गोलियाथच्या तुटलेल्या मुंडक्याला आपलाच चेहरा दिला होता.

कोल्हापूरच्या चित्रकारांचा १८९० नंतरचा काळ चाळताना हा मरणाचा सरंजाम मला कुठे भेटला नाही. तैलरंग आले, छायाप्रकाश आला, व्यक्तिचित्रणाची शिस्त मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आली, कवटी तेवढी वाटेतच राहिली.

कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेल्या चित्रकार धुरंधरांनी जे. जे.तल्या दिवसांची कहाणी लिहिली, ती १९४० साली आली. ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’. विद्यार्थी म्हणून दाखल झालेला पोरगा आणि निवृत्त झालेला शिक्षक एकाच पुस्तकात. बेलीचाच डाव, फक्त शब्दांत.

अबालाल रहिमान वेगळेच. जे. जे.त नाव कमावून ते कोल्हापूरला परतले आणि इथलेच झाले. शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, पण राहणी फकिराची. रंगवायला कोटितीर्थ, पंचगंगा, रंकाळा. रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्याखाली जातो, उन्हाळ्यात पुन्हा डोके वर काढतो. रोज तो बघणाऱ्या कोल्हापूरकराला वाळूचे घड्याळ हवे कशाला! महाराज १९२२ मध्ये गेले. त्या दुःखात अबालालांनी ढीगभर चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे गावात अजून सांगतात. सांगणारे आकडाही भरभक्कम सांगतात. मी त्यात पडत नाही. अबालाल स्वतः १९३१ मध्ये गेले.

आनंदराव पेंटरांच्या वाट्याला तेवढेही आयुष्य आले नाही. स्वतःचा सिनेमा काढायचे त्यांचे वेड अर्धवट राहिले आणि १९१६ मध्ये ते वारले. मावस-आते कसलाही हिशेब न करता भावासारखे राबणाऱ्या बाबुराव पेंटरांनी मग कॅमेरा इथेच जुळवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा उतरला की प्रेक्षक हबकले, आणि तो प्रसंग कापावा लागला.