हंगाम-पत्राच्या ग्राहकांस कोणती भेट द्यावी?

मृगाचा पाऊस पडताच मुरबाड व शहापूर तालुक्यांतील रानांत शेवळे उगवतात. पाठोपाठ टाकळा, कुरडू, भारंगी व कंटोळी येतात. कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील बाजारांत या भाज्यांस मागणी असते. परंतु भाजी नाशवंत असल्यामुळे सायंकाळी उरलेले वाटे मिळेल त्या भावाने द्यावे लागतात. सबब माल निघण्यापूर्वीच गिऱ्हाईक ठाऊक असणे विक्रेत्या गटांच्या हिताचे आहे. ई-मेलने हंगामाचे पत्र नियमित पाठविणे, हा त्यावरील अल्प खर्चाचा उपाय होय. प्रश्न एवढाच की, शहरातील गृहस्थाने आपला पत्ता गटाला का द्यावा?

यासाठी डबा, पिशवी अथवा सोडतीचे बक्षीस देण्याकडे अनेकांचा कल असतो. अशा भेटीने नावे भराभर जमतात, हे खरे. परंतु ज्यास डबा हवा होता त्याला डबा मिळाला की त्याचे काम संपते. पुढील पत्रे तो उघडतही नाही. किमतीत सूट दिली तर गिऱ्हाईक पुढच्या सुटीची वाट पाहते आणि नेहमीचा भाव त्याला महाग वाटू लागतो.

या बाबतीत त्याच शहरांतील वाचनालयांकडे पाहावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाचा पायंडा पाडला. आज अनेक वाचनालये ठराविक रक्कम घेऊन काही महिने दिवाळी अंक आळीपाळीने वाचावयास देतात. या योजनेला येणारा मनुष्य वाचनासाठीच आलेला असतो; म्हणून पुढे तो कायमचा वर्गणीदार होण्याचा संभव अधिक.

शेवळ्याच्या बाबतीत अशी भेट सहज सापडते. ही भाजी नीट न केल्यास घशाला खाज सुटते. आतील पिवळा भाग काढून टाकावा लागतो व शिजविताना काकडाची फळे घालावी लागतात. मुरबाडच्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही. डोंबिवलीत नव्याने संसार मांडलेल्या कित्येक घरांत मात्र ते ठाऊक नसते, आणि भीतीपोटी भाजी घेतलीच जात नाही. साफ करण्याची व रांधण्याची कृती एका पानावर लिहून ती नाव नोंदविणाऱ्यास तत्काळ पाठवावी. सोबत काकडाच्या चार फळांची पुडी राखून ठेवल्यास फारच उत्तम.

तांदळाची गोष्ट निराळी. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वाडा कोलमची चव भात शिजविल्याशिवाय कळत नाही. तेथे नमुना देणेच योग्य. मात्र माप आधी ठरवावे. २०० घरांस अर्धा किलोप्रमाणे दिल्यास १ क्विंटल तांदूळ जातो. २०० ग्रॅमप्रमाणे ४० किलोत काम भागते, आणि एका जेवणाला तेवढा पुरतो.

आगाऊ मागणी नोंदविण्याचा पहिला मान हीसुद्धा मोठी भेट आहे, व तिला खर्च नाही. परंतु जेवढे वाटे खात्रीने निघतील तेवढ्यांचीच नोंद घ्यावी.

पत्ता घेताना तो कशासाठी घेतला, हे स्पष्ट सांगावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संमत झालेल्या कायद्यानुसार, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. प्रत्येक पत्राच्या अखेरीस ‘पत्र नको असल्यास कळवावे’ अशी ओळ घालावी, आणि कोणी तसे कळविल्यास त्याचे नाव त्याच दिवशी यादीतून कमी करावे.