माल गेला, कागद राहिला

बँकेच्या परकीय चलन विभागात असतानाचा एक प्रसंग. तिळाचे व्यापारी असलेले एक शेठजी निर्यातीचे कागद घेऊन आले. बीजक, बिल ऑफ लेडिंग, विमा, सारे चोख. मात्र परदेशी बँकेच्या पतपत्रात मागितलेले वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, ज्याला बाजारात ‘फायटो’ म्हणतात, ते नव्हते.

“उद्या काढून आणतो,” शेठजी म्हणाले.

पण जहाज चार दिवसांपूर्वीच सुटले होते. तपासायला मालच नाही, तर अधिकारी प्रमाणपत्र कशाच्या आधारे देणार? बँक माल पाहत नाही, कागद पाहते. त्रुटी नोंदवून कागद खरेदीदाराच्या संमतीसाठी पाठवावे लागले. त्याने संमती दिली, पण भाव पाडून.

हे प्रमाणपत्र १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारातील नमुन्याप्रमाणे असते. आपल्याकडे ते केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाचे व अन्य प्राधिकृत अधिकारी देतात. अर्ज आल्यावर मालाची तपासणी होते, नमुना घेतला जातो, आवश्यक तेथे धुरी दिली जाते. आयात करणाऱ्या देशाने निषिद्ध ठरवलेली कीड व रोग यांपासून माल मुक्त आहे, एवढीच त्याची ग्वाही. मालाची प्रत किंवा औषधांचे अवशेष यांविषयी ते काहीच बोलत नाही. अनेकांचा येथेच गैरसमज होतो.

प्रत्येक देशाची अट निराळी. एकाच हापूसला अमेरिकेसाठी विकिरण, जपानसाठी उष्ण बाष्प, तर युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया. फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने मे २०१४ पासून आपला आंबा बंद केला होता; तो २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणून सौदा ठरवतानाच खरेदीदाराकडून त्याच्या देशाच्या अटी लेखी मागवाव्यात. पिकाचे शास्त्रीय नाव, वजन, नग व खुणा पतपत्राशी ताडून पाहाव्यात.

धुरीविषयी आपल्या घरांत संकोच असतो, तो मी जाणतो. एक वृद्ध व्यापारी धान्य कडक वाळवून, चाळून, कोरड्या गोदामात ठेवीत, जीवोत्पत्तीच होऊ नये म्हणून. त्यांच्या मालाला कीड क्वचितच लागे. तरीही काही देश धुरी सक्तीची करतात. तशी मागणी त्यांनी एकदा सोडून दिली आणि नुकसान मुकाट्याने सोसले.

आणखी एक. लाकडी पेट्या व पॅलेट विसरू नयेत. त्यांचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवलेला असावा, अथवा दुसरी मान्य प्रक्रिया झालेली असावी, आणि तसा शिक्का लाकडावर हवा.