जुन्या गाडीच्या टाकीतला गंज: घरच्या घरी कसा काढायचा?

एपिसोड ऐकलाच असेल. आता गाडीजवळ बसून एकेक पायरी करता यावी म्हणून हा लिखित भाग.

जळगावच्या शेजारच्या आमच्या असोद्यात आजही राजदूत, येझदी, आरएक्स हंड्रेड दिसतात. आरएक्स 1996 मध्ये बंद झाली, म्हणजे सगळ्यात तरुण आरएक्ससुद्धा आता तिशीच्या आसपास. या गाड्यांची एक तक्रार मी कायम ऐकतो: "मेनवर मस्त चालते भो, रिझर्व्हला लागली की बंद!" कार्बोरेटर साफ केला, तरी आठ दिवसांनी पुन्हा तेच. कारण दुखणं टाकीत असतं.

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. मेनची नळी तळापासून वर असते, रिझर्व्हचं तोंड खाली. त्यामुळे रिझर्व्ह लागलं की गाळ थेट खाली उतरतो. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला धोका जास्त.

आता कामाला लागू.

पहिलं, सुरक्षा. टाकी उघड्यावर काढा, आसपास बिडी, चूल, ग्राइंडर काही नको. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, कारण आत पेट्रोलची वाफ असते. भोक दिसलं म्हणून टाकी थेट वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. टाक्यांचं काम येणारा माणूसच शोधा.

दुसरं, पेट्रोल कॉक आणि फ्लोट काढा, भोकं रबरी बुचानं बंद करा. साबणाच्या गरम पाण्यानं आतला तेलकटपणा धुवा, नाहीतर पुढचं औषध गंजापर्यंत पोचतच नाही. मग मूठभर नट-बोल्ट टाकून टाकी हलवा. पापुद्रे सुटतील. नट मोजून टाका आणि मोजूनच काढा!

तिसरं, लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात मिळतं. एक लिटर कोमट पाण्याला 50 ते 60 ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला साधारण अर्धा किलो. टाकी काठोकाठ भरा, झाकण सैल ठेवा, कारण आत गॅस तयार होतो. 12 ते 24 तास ठेवा, मधूनमधून बघा. बाहेरच्या रंगावर थेंब पडू देऊ नका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र अजिबात नको. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं.

चौथं, पाणी बादलीत काढून त्यात खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत. ते नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. टाकीही सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं.

पाचवी पायरी लोक विसरतात. उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. म्हणून लगेच वाळवा. खान्देशचं ऊन इथे कामी येतं. मग थोडं टू-टी ऑइल घालून सगळीकडे फिरवा. बसवण्याआधी थोड्या पेट्रोलनं खंगाळा, कॉकची जाळी साफ करा, नवीन फिल्टर लावा.

गंज भोकालाही बुजवून ठेवतो. म्हणून बसवण्याआधी टाकी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, तीही घराबाहेर. डाग दिसला तर गाडीला लावू नका. खाली तापलेलं इंजिन असतं.

गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. हवा कमी, तर ओल कमी.

तुमच्या टाकीतून काय काय निघालं, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो!