झिजलेल्या गिटारींची चित्रं

ब्लूज-रॉकमधल्या नामवंत इलेक्ट्रिक गिटारींची चित्रं जाड कागदावर छापून भिंतीवर लावण्याची हौस पश्चिमेकडे चांगलीच रुजली आहे. अशा चित्रांबद्दल माझं मत ठाम आहे: गिटारीची झीज ज्यात उतरली नाही, ते त्या गिटारीचं चित्रच नव्हे. १९५४पासून फेंडरच्या कारखान्यातून असंख्य स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडल्या, साऱ्या एकाच घाटाच्या. त्यांतली एखादी ओळखू येते, ती वाजवणाऱ्याच्या हाताने उमटलेल्या खुणांवरून.

आयर्लंडच्या रोरी गॅलहरची १९६१ची स्ट्रॅटोकास्टर घ्या. १९६३मध्ये कॉर्क शहरातल्या दुकानातून पंधरा वर्षांच्या रोरीने ती शंभर पौंडांना, उधारीवर घेतली. मूळ रंग सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेकडे गडद होत जाणारा. रोरी घामाने निथळत वाजवायचा. त्या घामाने लाकडावरचा बराचसा रंग उडाला. उरलेले तुकडे नकाशातल्या बेटांसारखे दिसतात. डोक्यावरच्या सहा खुंट्यांपैकी एक वेगळ्याच बनावटीची. इथे चित्रकाराचा कस लागतो, कारण प्रत्येक तुकड्याची कड निराळी आहे. कंटाळा करून सरसकट तपकिरी डाग मारले, की चित्र फसलंच! ऑक्टोबर २०२४मध्ये लंडनच्या लिलावात ही गिटार ८,८९,४०० पौंडांना विकली गेली आणि खरेदीदारांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली.

एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे भाग जुळवून तयार झाली. तिच्या डोक्यावर सिगारेटने जळल्याची खूण आहे. कारण तारांच्या टोकाला पेटती सिगारेट खोचून तो वाजवत असे. २००४मध्ये ती ९,५९,५०० डॉलरना गेली. ते पैसे त्याने अँटिग्वात काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाले.

बी. बी. किंगच्या ‘ल्युसिल’चं चित्र मात्र बरेच जण चुकवतात. आवाज घुमून शिट्टी वाजू नये म्हणून तो गिटारीच्या इंग्रजी एफच्या आकाराच्या छिद्रांत कापड कोंबायचा. गिब्सनने १९८०मध्ये त्याच्या नावाची गिटार काढली, तेव्हा ती छिद्रंच ठेवली नाहीत. त्या गिटारीवर छिद्रं काढणाऱ्याने साध्या गिब्सनची नक्कल केलेली असते.

पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉल गिटारीमध्ये मानेकडचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग, उलटा बसवला आहे. तेवढं चित्रात दाखवता येतं. पण दोन्ही पिकअप एकत्र वाजताना येणाऱ्या त्या पोकळ, नाकातल्या आवाजाचं मूळ आतल्या उलट्या चुंबकात आहे. तिथे चित्रकला थांबते.

छपाईचंही महत्त्व आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक शाईला वेगळा पडदा लागतो, त्यामुळे सनबर्स्टची रंगछटा बारीक ठिपक्यांत फोडावी लागते. ‘ब्लॅकी’चा सपाट काळा रंग त्यात झकास उठतो. रोरीची गिटार मला सुती कागदावर, पिगमेंट शाईच्या डिजिटल छपाईतच आवडते. उघड्या लाकडाच्या रेषा तिथे नीट दिसतात.

आणि स्टीव्ही रे व्हॉनच्या ‘नंबर वन’चं चित्र विकत घेणार असाल, तर आधी ट्रेमोलोचा, म्हणजे सूर थरथरवणारा, दांडा पाहा. तो उजव्या हाताने वाजवायचा, तरी दांडा डावखुऱ्यांच्या गिटारीसारखा वरच्या बाजूला होता. खाली काढलेला दिसला, तर पैसे देऊ नका.