डॉक्टर (डॉक्टर हू)

डॉक्टर हे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेतील मध्यवर्ती काल्पनिक पात्र आहे. डॉक्टर हा 'टाइम लॉर्ड' या परग्रहावरील समाजातील कालप्रवासी असून 'टार्डिस' या यानातून तो काळ आणि अवकाश यांत भ्रमण करतो. हे यान बाहेरून लंडनमधील जुन्या निळ्या पोलीस-पेटीसारखे दिसते आणि आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. डॉक्टरला दोन हृदये आहेत. मरणासन्न अवस्थेत त्याचे शरीर व स्वभाव बदलून तो नव्या रूपात जगू लागतो. त्याचे खरे नाव मालिकेत उघड केलेले नाही.

मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रसारित झाला. सहा दशकांत अनेक लेखकांनी या पात्राचा पूर्वेतिहास थोडाथोडा करून रचला. घर सोडणे, आप्तांना मागे ठेवणे आणि स्वतः मागे राहणे हे त्या इतिहासातील सर्वांत टिकाऊ सूत्र आहे. डॉक्टर हा सोडून जाणारा आहे आणि सोडून दिला गेलेलाही आहे. यांपैकी पहिली बाजू १९६३ पासूनच कथानकात होती, तर दुसरी बाजू २०२० मध्ये स्पष्ट झाली.

निर्मिती

मालिकेच्या संकल्पनेत बीबीसीच्या नाट्यविभागाचे तत्कालीन प्रमुख सिडनी न्यूमन यांचा मोठा वाटा होता. व्हेरिटी लँबर्ट या पहिल्या निर्मात्या होत्या. 'ॲन अनअर्थली चाइल्ड' या पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौ येथे १९३८ मध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले. पहिल्या डॉक्टरची भूमिका विल्यम हार्टनेल यांनी साकारली.

प्रकृती खालावल्यामुळे हार्टनेल यांना १९६६ मध्ये भूमिका सोडावी लागली. तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी डॉक्टरचे शरीरच बदलते अशी कल्पना योजण्यात आली आणि पॅट्रिक ट्राउटन दुसरे डॉक्टर झाले. एका अडचणीतून निघालेल्या या कल्पनेमुळे मालिका दीर्घायुषी झाली. त्याचबरोबर पात्रालाही वेगळी खोली लाभली, कारण सोबतची माणसे वृद्ध होतात व मरतात, पण डॉक्टर उरतो. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर यांच्या रूपाने ही भूमिका प्रथमच मुख्य डॉक्टर म्हणून एका स्त्रीकडे आली.

सुसान आणि निरोप

पहिल्या कथेत डॉक्टर एकटा नाही. त्याच्यासोबत सुसान (कॅरोल ॲन फोर्ड) ही नात आहे. ती लंडनमधील कोल हिल शाळेत शिकते आणि तिच्या विलक्षण ज्ञानामुळे कुतूहल वाटून तिचे दोन शिक्षक टार्डिसपर्यंत पोहोचतात. आजोबा व नात आपल्या ग्रहापासून दुरावलेले आहेत एवढेच प्रेक्षकांना सांगितले जाते. सुसानच्या आईवडिलांविषयी मालिका मौन बाळगते.

डिसेंबर १९६४ मध्ये संपलेल्या 'द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ' या कथेत सुसान मालिकेतून बाहेर पडते. बाविसाव्या शतकातील उद्ध्वस्त पृथ्वीवर ती एका तरुणाच्या प्रेमात पडते, परंतु आजोबांना एकटे सोडणे तिला जमत नाही. तेव्हा डॉक्टर तिच्या वतीने निर्णय घेतो, टार्डिसचे दार आतून बंद करतो आणि एक दिवस परत येण्याचे वचन देऊन निघून जातो. नातीने स्वतःचे आयुष्य उभारावे असा त्याचा हेतू असला, तरी तिची संमती तो घेत नाही. प्रेमापोटी दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेण्याची ही सवय पुढील अवतारांतही दिसते.

१९८३ मधील 'द फाइव्ह डॉक्टर्स' या विसाव्या वर्धापनदिनाच्या विशेष भागाची सुरुवात हार्टनेल यांच्या याच निरोपाच्या चित्रफितीने होते. त्या भागात सुसान व पहिला डॉक्टर यांची भेट होते, मात्र ती इतरांनी रचलेल्या डावामुळे घडते. वचन पाळण्यासाठी डॉक्टर स्वतःहून परतल्याचे दूरचित्रवाणी मालिकेत दाखवलेले नाही.

सहप्रवासी

सुसाननंतर डॉक्टरसोबत प्रवास करणाऱ्या व्यक्ती बहुधा पृथ्वीवरील माणसे असतात. रक्ताच्या कुटुंबाची जागा या निवडलेल्या कुटुंबाने घेतली, असे मालिकेच्या रचनेवरून दिसते. 'द टूम ऑफ द सायबरमेन' (१९६७) या कथेत वडिलांच्या मृत्यूने खचलेल्या व्हिक्टोरियाची डॉक्टर समजूत काढतो. आपले कुटुंब आपल्या मनात निद्रिस्त असते आणि हवे तेव्हाच आपण त्याची आठवण जागी करतो, अशा आशयाचे त्याचे बोलणे हा जुन्या मालिकेतील त्याच्या दुःखाचा एक दुर्मिळ उल्लेख आहे.

हे निवडलेले कुटुंबही टिकत नाही. 'द वॉर गेम्स' (१९६९) मध्ये टाइम लॉर्ड डॉक्टरला पृथ्वीवर हद्दपार करतात आणि जेमी व झोई या सहप्रवाशांच्या बहुतांश आठवणी पुसून टाकतात. 'अर्थशॉक' (१९८२) मध्ये ॲड्रिक हा किशोरवयीन सोबती मरण पावतो. १९७६ मध्ये सारा जेन स्मिथ (एलिझाबेथ स्लेडन) हिला डॉक्टर पृथ्वीवर उतरवतो, कारण त्याला त्याच्या ग्रहावरून बोलावणे आलेले असते आणि तिला तेथे नेणे शक्य नसते. तीस वर्षांनंतर 'स्कूल रियुनियन' (२००६) मध्ये तीच सारा जेन आपण वाट पाहत राहिल्याचे त्याला सुनावते. सोडून जाण्याची किंमत मागे राहिलेल्याच्या तोंडून येथे ठळकपणे मांडली गेली. 'दि इलेव्हन्थ अवर' (२०१०) मध्ये पाच मिनिटांत परततो असे लहानग्या अमीलिया पाँडला सांगून गेलेला डॉक्टर बारा वर्षांनी उगवतो, तेव्हा हाच प्रश्न बालकाच्या दृष्टीने पुढे येतो.

गॅलिफ्रेचा विनाश

डॉक्टरच्या मूळ ग्रहाचे 'गॅलिफ्रे' हे नाव १९७३ मध्ये सुरू झालेल्या 'द टाइम वॉरियर' या कथेत प्रथम आले. १९८९ मध्ये थांबलेली मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी गॅलिफ्रे टाइम लॉर्ड व डालेक यांच्यातील महायुद्धात नष्ट झाल्याचे दाखवले. पूर्वी डॉक्टर घर सोडून पळालेला होता. आता परतण्यासाठी घरच उरले नव्हते. शिवाय तो विनाश आपल्याच हातून झाला असे तो मानत असल्याने शोकाला अपराधभावाची जोड मिळाली.

या काळात कुटुंबाचे उल्लेख वाढले. 'फिअर हर' (२००६) मध्ये आपणही एकेकाळी पिता होतो असे डॉक्टर सहज बोलून जातो. 'द डॉक्टर्स डॉटर' (२००८) मध्ये त्याच्या पेशींच्या नमुन्यापासून यंत्राद्वारे जेनी ही तरुणी निर्माण होते. तिला मुलगी म्हणून स्वीकारण्यास तो आधी कचरतो, स्वीकारताच तिला गमावतो आणि ती मृत झाली असे समजून निघून जातो. त्यानंतर ती शुद्धीवर आल्याचे त्याला कळत नाही.

२३ नोव्हेंबर २०१३ रोजी एकाच वेळी ९४ देशांत प्रसारित झालेल्या 'द डे ऑफ द डॉक्टर' या भागात गॅलिफ्रे नष्ट झाला नसून डॉक्टरच्या सर्व रूपांनी मिळून तो वाचवल्याचे उघड होते. पुढे २०२० मध्ये 'मास्टर' हा डॉक्टरचा जुना मित्र व वैरी गॅलिफ्रे पुन्हा उद्ध्वस्त करतो.

'डीमन्स ऑफ द पंजाब' (२०१८) हा विनय पटेल यांनी लिहिलेला भाग १९४७ च्या फाळणीत घडतो. सहप्रवासी यास्मिन खान हिची आजी उंब्रीन आणि प्रेम हा हिंदू तरुण यांचा विवाह होतो आणि त्याच दिवशी प्रेम मारला जातो. इतिहास बदलल्यास यास्मिनचाच जन्म होणार नाही, म्हणून डॉक्टरला काही करता येत नाही. या भागातील परग्रहवासी स्वतःचे जग गमावलेले असून एकाकी मरणाऱ्यांच्या अंतसमयी साक्षीदार म्हणून उभे राहतात. दुःख टाळता येत नसले तरी त्याची दखल घेता येते, हा विचार त्यातून मांडला आहे.

अनादी बालक

१ मार्च २०२० रोजी प्रसारित झालेल्या 'द टाइमलेस चिल्ड्रेन' या ख्रिस चिबनॉल लिखित भागात डॉक्टरच्या उगमाविषयीची जुनी समजूत मोडली. त्यानुसार डॉक्टर जन्माने गॅलिफ्रेचा नाही. टेक्टेऊन या गॅलिफ्रेवासी संशोधक स्त्रीला दुसऱ्या विश्वाकडे उघडणाऱ्या प्रवेशद्वाराखाली एक एकटे मूल सापडते आणि ती ते दत्तक घेते. अपघातात मृत्यू येऊनही मूल नव्या शरीरात जिवंत होते. त्याचे रहस्य उलगडण्यासाठी टेक्टेऊन त्याच्यावर वारंवार प्रयोग करते आणि मिळालेली शक्ती आपल्या लोकांना देते. त्यातून टाइम लॉर्ड निर्माण होतात. मुलाच्या स्मृती मात्र पुढे पुसल्या जातात.

या भागावर चाहत्यांमध्ये तीव्र मतभेद झाले. सामान्य पळपुटा ही डॉक्टरची ओळख हरवून तो असामान्य जन्माचा नायक ठरतो, असा एक आक्षेप होता. दुसरीकडे, दत्तक मुलांच्या अनुभवाला मालिकेत स्थान मिळाले असेही मत व्यक्त झाले. 'फ्लक्स' (२०२१) या कथामालेच्या अखेरीस हरवलेल्या स्मृती असलेले घड्याळ डॉक्टरच्या हाती येते, परंतु तिच्या विनंतीवरून टार्डिस ते स्वतःच्या अंतर्भागात दडवते. कोठून आलो यापेक्षा कोणासोबत व कसे जगलो यावर ती स्वतःची ओळख ठरवते.

अलीकडील कथानके

शूटी गात्वा यांनी साकारलेल्या पंधराव्या डॉक्टरची सहप्रवासी रूबी संडे ही २५ डिसेंबर २०२३ रोजी प्रसारित झालेल्या भागात दाखल झाली. तान्ही असताना तिला चर्चच्या दारात सोडून देण्यात आले होते. आपणही सापडलेले व दत्तक घेतलेले मूल असल्याचे डॉक्टर तिला मोकळेपणाने सांगतो. २०२४ मध्ये रूबीची जन्मदाती आई एक सर्वसामान्य स्त्री असून तिने अवघ्या पंधराव्या वर्षी बाळाला जन्म दिल्याचे उघड होते. रूबी पुढाकार घेऊन तिला भेटते. मे २०२५ मध्ये 'दि इंटरस्टेलर साँग कॉन्टेस्ट' या भागात सुसान डॉक्टरला आभासात दिसते. ही भूमिका पुन्हा कॅरोल ॲन फोर्ड यांनीच केली. १९६४ मध्ये बंद झालेल्या दाराची गोष्ट साठ वर्षांनंतरही कथानकात अशी अपूर्णच राहिली आहे.