खानदेशचा काळा दगड आणि नायोबियमची साक्ष

खानदेशातल्या सावद्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा, दक्षिणेला तापी. मधल्या केळीच्या मळ्यांखाली नदीच्या गाळाचे जाड थर आहेत. डोंगराकडे सरकावे तसा काळा बेसाल्ट उघडा पडतो. पाटा-वरवंटा, घरांची जोती, रस्त्याची खडी, सगळे याच दगडाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हापासून तो बनला. जपान, इंडोनेशिया किंवा अँडीज पर्वतातला दगडही ज्वालामुखीचाच. मात्र तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरत असतो. या क्रियेला सबडक्शन म्हणतात. दोन्हीकडचे बेसाल्ट हातात घेतले तर सारखेच काळे आणि जड लागतात. त्यांचे मूळ वेगळे आहे हे रसायनशास्त्र सांगते.

समुद्रतळाचा पट्ट खाली जाताना गाळ आणि खनिजांत मुरलेले पाणी सोबत नेतो. दाब आणि तापमान वाढले की खनिजे ते पाणी सोडू लागतात. अशा ज्वालामुखींखाली हा पट्ट साधारण १०० किलोमीटर खोलीवर असतो. सुटलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते आणि तिथल्या खडकाचा द्रवणांक उतरतो. या पाण्याबरोबर बेरियम, रुबिडियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम आणि शिसेही वर जाते. नायोबियम, टँटलम आणि टायटॅनियम मात्र पाण्यात फारसे उतरत नाहीत. रुटाइलसारखी खनिजे त्यांना धरून ठेवतात. त्यामुळे अशा लाव्हाच्या मूलद्रव्यांचा आलेख काढला की नायोबियम-टँटलमपाशी ठळक खड्डा दिसतो.

समुद्राचा गाळ खरोखरच खाली जाऊन लाव्हातून परत येतो याचा सर्वांत देखणा पुरावा बेरिलियम-१० देतो. हा समस्थानिक वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होतो, पावसाबरोबर उतरून समुद्रतळाच्या गाळात साचतो. त्याचे अर्धायुष्य जेमतेम १४ लाख वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या पोटात तो मुळातून असणे शक्यच नाही. तरी अल्युशियन बेटांच्या आणि मध्य अमेरिकेच्या ताज्या लाव्हात तो सापडला. भारतात असा ज्वालामुखी पाहायचा तर अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटाकडे जावे लागते. तिथे भारतीय पट्ट बर्माच्या लहान पट्टाखाली शिरतो. १७८७ मधला उद्रेक नोंदलेला आहे, आणि दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये बेट पुन्हा जागे झाले.

दख्खनच्या बेसाल्टात सिलिका बहुधा ५० टक्क्यांच्या आसपास, टायटॅनियम ऑक्साइड बरेचदा २ ते ३ टक्के. सबडक्शनच्या बेसाल्टात ते १ टक्क्याच्या आसपास असते. लोहाची कथा आणखी बोलकी. पाण्याने भरलेल्या, अधिक ऑक्सिडीकृत शिलारसात मॅग्नेटाइट लवकर स्फटिकते, लोह घटत जाते आणि अँडेसाइट हा खडक तयार होतो. दख्खनचा शिलारस त्यामानाने कोरडा होता. स्फटिकीभवनाबरोबर त्यात लोह वाढत गेले; अँडेसाइट इथे विरळाच.

खरी अडचण पुढे आहे. सह्याद्रीतल्या बुशे शैलसमूहाच्या लाव्हातही नायोबियमची उणीव आढळते, आणि तिथे तर सबडक्शन नव्हते. तो शिलारस वर येताना जुन्या ग्रॅनाइटी भूकवचाचा अंश विरघळवत आला. खंडांच्या कवचाचा मोठा भाग प्राचीन सबडक्शनमध्येच घडला असल्याने ही खूण त्याच्यात आधीपासून मुरलेली असते. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर ही भेसळ उघड करते: तुलनेने निर्भेळ आंबेनळी शैलसमूहात ते ०.७०४ च्या आसपास, बुशेत ०.७१ च्याही वर.

म्हणून प्रयोगशाळेइतकेच शिवारही पाहावे लागते. नंदुरबार-धुळे पट्ट्यात शिलारस भेगांत गोठून डाइक झाले. भोवतालचा झिजलेला लाव्हा धुऊन गेला, तिथे ते माळावर बांधासारखे उभे आहेत. अशा डाइकची कड लवकर थिजल्याने बारीक कणांची असते, गाभा भरड. आयआयटी मुंबईच्या रंजिनी राय, हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १ किलोमीटरहून लांब असे २१० डाइक नोंदवले आहेत. सर्वांत लांब ७९ किलोमीटर, जाडी ३ ते ६२ मीटर, बहुतेकांची दिशा पूर्व-पश्चिम. इथले कवच तेव्हा उत्तर-दक्षिण ताणले जात होते हे त्यावरून दिसते. निव्वळ ताण सबडक्शन क्षेत्रांच्या मागेही असू शकतो. पण भरपूर टायटॅनियम, वाढते लोह आणि लाव्हाचा लाखो चौरस किलोमीटरांचा पसारा हे सारे एकत्र पाहिले की दख्खनचा दगड सबडक्शनचा नाही याबद्दल शंका उरत नाही. खानदेशात नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी नायोबियमच्या एका आकड्यावर दगडाचे मूळ ठरवू नये. समस्थानिके तपासावीत, आणि त्याआधी त्या डाइकची दिशा नोंदवावी.