स्मारक नाणे खोटे नसते

आपण रोज नाणी हाताळतो. वही, पेन्सिल, गोळ्या आणायला नाणी लागतात. पण देताना आपण फक्त आकडा बघतो. दुसरी बाजू कुणी नीट बघत नाही. एखाद्या नाण्यावर तिथे माणसाचे किंवा देवळाचे चित्र असते. अशा नाण्याला स्मारक नाणे म्हणतात. त्याची माहिती मी गोळा केली, ती इथे लिहिते.

स्मारक म्हणजे आठवण. थोर माणसाची जयंती असते, किंवा एखाद्या चळवळीला पन्नास, पंचाहत्तर वर्षे होतात, तेव्हा भारत सरकार असे नाणे काढते. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आणि किंमत असते. दुसऱ्या बाजूला चित्र असते आणि नाव हिंदीत व इंग्रजीत असते.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली निघाले. त्या वर्षी पंडित नेहरू वारले. त्यांचे चित्र एक रुपयावर आणि पन्नास पैशांवर होते. नंतर १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्माला शंभर वर्षे झाली. तेव्हा गांधीजींचे वीस पैशांचे पिवळे नाणे निघाले. ते सोन्यासारखे दिसते, पण सोने नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या थोरांचीही नाणी आहेत.
१) डॉ. बाबासाहेब आंबेडकर – १ रुपया, १९९०. पुन्हा १० रुपये, २०१५.
२) छत्रपती शिवाजी महाराज – २ रुपये, १९९९. या नाण्याला अकरा कडा आहेत. मोजून पाहा.
३) संत ज्ञानेश्वर – १ रुपया, १९९९.
४) संत तुकाराम – २ रुपये, २००२.
५) लोकमान्य टिळक – ५ रुपये, २००७.

चळवळींचीही नाणी आहेत. १९४२ साली मुंबईत गांधीजींनी ‘भारत छोडो’ सांगितले. त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून रुपयाचे नाणे निघाले. १९३० च्या दांडी यात्रेला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून २००५ साली पाच रुपयांचे निघाले. धर्माचा भेद नाही. भगवान महावीरांचे नाणे २००१ साली आले, महात्मा बसवेश्वरांचे २००६ साली, केरळच्या संत अल्फोन्सा यांचे २००९ साली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली, त्याचे नाणे २०१० साली आले. ही चारही पाच रुपयांची आहेत.

नाणी टांकसाळीत तयार होतात. भारतात चार टांकसाळी आहेत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. आधी धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. मग दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून यंत्राने जोरात दाबतात. एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. नाणे कुठले ते ओळखायची खूण सालाखाली असते. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता.

आता मुख्य गोष्ट सांगते. पालकांनी ही जरूर वाचावी.

आमची आजी आठवडी बाजारात भाजी विकती. गिऱ्हाईक तिला दहाची नाणी देतात. ती घेती. पण तीच नाणी तिने एका दुकानात तेलाला दिली, तर दुकानदार म्हणाला, “हे चालत नाही. यावर वेगळंच चित्र आहे. नोट द्या.” अशी सात नाणी घरात पडून होती. म्हणजे सत्तर रुपये. तेवढ्यात आमचं तीन दिवसांचं दूध येतं. आजी म्हणाली, “उन्हात बसून कमावलेलं खोटं कसं हुईल?”

गुरुजींना विचारले. ते म्हणाले, आजीचे बरोबर आहे. दहाची नाणी २००९ साली बाजारात आली. तेव्हापासून त्यांची चित्रे अनेक वेळा बदलली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले, की तोपर्यंत दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघालेत आणि चौदाही खरे आहेत. रुपयाचे नवे चिन्ह असलेलेही चालते आणि नसलेलेही चालते. काही लोक रेषा मोजतात. दहा रेषा असल्या तर खरे आणि पंधरा असल्या तर खोटे म्हणतात. ही अफवा आहे. दोन्ही खरी आहेत.

मात्र जुनी लहान नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. पंचवीस पैसे आणि त्याहून कमी किमतीची. म्हणून गांधीजींच्या वीस पैशांवर आता काही विकत मिळणार नाही. ते आठवण म्हणून जपावे. पण पन्नास पैसे अजून कायद्याने चालतात.

मला असे वाटते, की पुस्तक सगळ्यांच्या घरी नसते, पण नाणे सगळ्यांच्या हातात येते. मजुराच्या, भाजीवालीच्या, शाळेतल्या पोराच्या. म्हणून थोर माणसांची आठवण नाण्यावर ठेवली. ज्या नाण्यावर बाबासाहेब आहेत, ते नाणे गरिबाच्या हातातून परत करणे बरे नाही.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर डबा उघडा आणि चिल्लर उलटी करून पाहा. चित्राचे नाणे सापडले तर त्याखाली कागद न ठेवता वर ठेवा आणि पेन्सिल घासा. चित्र कागदावर उमटेल. तो कागद शाळेत आणा. आपण या फलकावर लावू. नाणे मात्र आईला परत द्या. ते चालते!

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी